मध्यम वर्धिष्णू कंपन्यांचे शेअर निर्देशांक

शेअरबाजारातील मध्यम आकाराच्या व वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या समभागांच्या किंमतींतील एकत्रित चढउतार दर्शविणारी मापने. येथे ‘मध्यम’ ही संज्ञा कारखान्याचा विस्तार वा कामगारसंख्या यांना उद्देशून नसून कंपनीच्या एकूण समभागांच्या बाजारमूल्यास अनुलक्षून वापरतात. अमेरिकेत स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने १९९१ मध्ये ४०० मध्यम कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. रसेल पद्धतीत सर्वांत मोठ्या सुमारे १,००० कंपन्यांपैकी खालच्या सुमारे ८०० मध्यम गणल्या जातात. भारतात ‘सेबी’ने २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी १०१ ते २५० या क्रमांकांच्या कंपन्या मध्यम ठरविल्या, ‘निफ्टी मिडकॅप १५०’ हा निर्देशांकही याच पट्ट्याचा आहे. मात्र त्यात वाढीची वेगळी चाळणी नाही.

निर्देशांक काढताना प्रवर्तकांकडील, म्हणजे सहसा विक्रीस न येणारे, समभाग वगळून उरलेल्यांच्या बाजारमूल्यांची बेरीज करतात व तिला एका भाजकाने भागतात. एखादी कंपनी बदलल्यास भाजकही असा बदलतात की, केवळ त्या बदलामुळे निर्देशांक हलू नये.

खरी अडचण ‘वर्धिष्णू’ कोणास म्हणावे, ही आहे. रसेल पद्धतीत पुस्तकी मूल्य व बाजारभाव यांच्या गुणोत्तरास निम्मा भार असतो. उरलेला भार विश्लेषकांनी वर्तविलेली वाढ आणि मागील पाच वर्षांतील प्रतिसमभाग विक्रीची वाढ यांत विभागलेला असतो. सीमेवरील कंपनीचे बाजारमूल्य विभागून काही अंश वर्धिष्णू निर्देशांकात, तर काही ‘मूल्य’ निर्देशांकात म्हणजे तुलनेने स्वस्त समभागांच्या निर्देशांकात धरतात. यामुळे महागलेला समभाग बऱ्याच अंशी महागला म्हणूनच वर्धिष्णू ठरतो. कंपनीची प्रत्यक्ष वाढ पुढे दिसते किंवा दिसतही नाही. शिवाय फार यशस्वी झालेली कंपनी वरच्या गटात निघून जाते आणि घसरलेली मोठी कंपनी खाली येऊन तिची जागा घेऊ शकते. अशा फेररचनेच्या वेळी निर्देशांकाचे अनुकरण करणाऱ्या फंडांना एकाच सुमारास तीच खरेदी-विक्री करावी लागते व तिचा खर्च अखेर बचतदारांवर पडतो.

इंटरनेट कंपन्यांच्या तेजीनंतर रसेलचा मध्यम वर्धिष्णू निर्देशांक २०००, २००१ व २००२ अशी सलग तीन वर्षे घसरला. त्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत मध्यम कंपन्यांचा मूल्य निर्देशांक मात्र वाढला होता.