सूत्रात दडलेला 35

एक लोहार भट्टीसमोर उभा आहे. तो हातमोजे उतरवतो, एक घाव घालतो, आकडा टिपून घेतो आणि काम तिथंच टाकून देतो. मग हातमोजे चढवतो, अंगरखा उतरवतो, पुन्हा एक घाव, पुन्हा एक नोंद. तासभर हेच चालतं आणि एकही वस्तू पुरी होत नाही. बघणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. प्रत्यक्षात हा एक नेटका प्रयोग आहे.

हा लोहार ‘फायनल फँटसी 14’ या ऑनलाइन गेममधला. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनं 27 ऑगस्ट 2013 रोजी तो नव्यानं बांधून आणला. त्यात लढाईबरोबर आठ कारागिरीचे व्यवसाय आहेत: लोहार, सुतार, सोनार, शिंपी, अगदी आचारीसुद्धा. वस्तू घडवताना हात फिरेल तसा तिचा दर्जा वाढतो. किती वाढला ते पडद्यावर दिसतं, तेवढाच का वाढला ते मात्र गेम सांगत नाही. कारागिराच्या अंगी ‘कंट्रोल’ नावाचा एक गुण असतो, कपडे-अवजारं बदलली की तो कमी-जास्त होतो, आणि त्याचा दर्जाशी संबंध आहे, एवढंच कळतं. त्या संबंधाचं सूत्र खेळाडूंनी स्वतः शोधून काढलं. ते कसं शोधलं, हे मला सूत्राइतकंच मोलाचं वाटतं.

पहिली अट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कृती तीच, कारागिराची पातळी तीच, बदलायचा तो फक्त कंट्रोल. वस्तूची ‘अवस्था’ही साधी हवी, कारण ‘गुड’ अवस्थेत वाढ दीडपट होते, ‘एक्सलंट’मध्ये चौपट आणि त्याच्या लगेच पुढच्या ‘पुअर’मध्ये निम्मी. शिवाय आजच्या नियमांत प्रत्येक घावागणिक कारागिराची एकाग्रता वाढते आणि पुढच्या घावाला दहा टक्के जास्त मिळतात. म्हणून पहिलाच घाव मोजायचा आणि काम सोडून द्यायचं. आपला लोहार नेमकं तेच करत होता.

सुरुवातीच्या खेळाडूंनी अशा नोंदींचा आलेख काढला आणि त्यातून एक वक्ररेषा बसवली. कंट्रोलच्या वर्गाला 0.0000346 नं गुणा, कंट्रोलला 0.3514 नं गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि वर 34.66 मिळवा. उत्तर बऱ्यापैकी जुळायचं. पण असले आकडे कोणता माणूस कोडमध्ये लिहील? निसर्गातले स्थिरांक पूर्णांक असावेत असं कुठलंही बंधन नसतं. गेममधलं सूत्र मात्र कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेलं असतं, आणि माणसाचा हात गोल आकड्यांकडे वळतो.

पुढे नोंदी वाढल्या आणि खरं रूप उघडं पडलं. ते दोन भागांचा गुणाकार होतं. पहिल्या भागात कंट्रोलच्या 0.35 पट अधिक 35. दुसऱ्या भागात कंट्रोल अधिक 10,000, भागिले त्या कृतीसाठी सुचवलेला कंट्रोल अधिक 10,000. वरचा गुणाकार कागदावर उलगडून 10,000 नं भागा: वर्गाला 0.000035, कंट्रोलला 0.3535 आणि शेवटी 35. छेदातल्या सुचवलेल्या कंट्रोलमुळे हे तिन्ही आकडे किंचित उतरतात आणि त्या जुन्या अंदाजाजवळ येऊन बसतात. अंदाज चुकीचा नव्हताच. खाली काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, इतकंच.

मोजमापात एक अडचण होती. गेम अपूर्णांक सोडून देतो. त्यामुळे कंट्रोल थोडा वाढला तरी आकडा हलत नाही. इथं अनुभवी खेळाडू पायरीचा काठ शोधतात. जेवणानं कंट्रोल थोडा चढवायचा, एखादा दागिना काढून थोडा उतरवायचा, आणि आकडा नेमका कुठं एकानं उडी मारतो ते पकडायचं. पायरीच्या मधल्या शंभर नोंदींपेक्षा काठावरची एक नोंद जास्त सांगते.

मला सर्वांत आवडतो तो दोन बळांचा प्रयोग. एक कौशल्य पुढच्या घावाला 100 टक्के वाढ देतं, दुसरं 50 टक्के. दोन्ही एकत्र वापरली तर? दुप्पट गुणिले दीडपट म्हणजे तिप्पट, की वाढींची बेरीज होऊन अडीचपट? साध्या घावाला 135 मिळतात असं धरा. तिप्पट असेल तर 405 दिसायला हवेत. दिसतात 337. एका घावात दोन प्रश्न सुटले: वाढींची बेरीज होते, आणि 337.5 मधला अर्धा पुढच्या आकड्यात न जाता गळून पडतो.

दर्जा आणि उत्तम वस्तू मिळण्याची शक्यता यांचं नातंही असंच नोंदून काढलेलं आहे. दर्जा निम्मा भरला तर शक्यता 15 टक्केच. 70 टक्के भरला तर 28. आणि 80 वर ती एकदम 71 होते. मधल्या त्या दहा टक्क्यांसाठी कारागीर जीव टाकतात ते उगाच नाही.

डिसेंबर 2021 मध्ये ‘एंडवॉकर’ हा नवा भाग आला आणि कंपनीनं गणित बदललं. जुन्या वह्या निरुपयोगी झाल्या, खेळाडूंनी पुन्हा हातमोजे उतरवले आणि नव्यानं मोजायला घेतलं. या वेळी सूत्र सोपं निघालं: कंट्रोल गुणिले 10, भागिले त्या कृतीचा ठरावीक भाजक, अधिक एक स्थिरांक. वर्ग गेला, 10,000 गेले. तो स्थिरांक मात्र 35 च आहे.