गाडी नवी करू नका

चंडीगडमध्ये वास्तुकार पिएर जनरे यांच्या आराखड्यांवरून बनलेल्या सागवानी खुर्च्या एके काळी सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर ढिगाने पडलेल्या असत. वेत फाटला, पाय डुगडुगला की खुर्ची भंगारात. पुढे त्याच खुर्च्या पॅरिस-लंडनच्या लिलावांत लाखोंना जाऊ लागल्या आणि त्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून २०११ साली केंद्र सरकारला आदेश काढावा लागला. जाणकार गिऱ्हाईक त्या खुर्चीवर आधी काय शोधतं? पांढऱ्या रंगात हाताने घातलेला कचेरीचा नंबर. कुणी हौसेने घासून, पॉलिश मारून तो घालवला असेल तर खुर्ची देखणी होते आणि भाव पडतो.

जुन्या अमेरिकन मसल कारचा हिशेब नेमका हाच आहे. तिथे नंबर रंगवलेला नसतो, लोखंडात ठोकलेला असतो. १९६८च्या सुमारास अमेरिकी कारखाने गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे इंजिनच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवरही उमटवू लागले. बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स तिन्हींचे आकडे जुळले तर गाडी अस्सल. जनरल मोटर्सच्या गाड्यांत कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला एक मळका कागद सापडतो: या गाडीत काय काय बसवायचं, याची कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेली यादी. सीटचं कव्हर बदलणारा कारागीर तो कचरा म्हणून फेकून देतो. गाडीचा जन्मदाखलाच गेला!

मसल कार म्हणजे काय, हे आपल्या मापात सांगायचं तर असं. १९६४ साली पाँटिअॅकने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची व्ही-एट इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. हे इंजिन झालं सुमारे ६.४ लीटरचं. आपली अँबॅसडर १४८९ सीसी, पद्मिनी १०८९. म्हणजे एका बॉनेटखाली जवळजवळ सहा पद्मिन्या. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघाली, तिथे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने १९४७पासून डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या होत्या. पण मसल कारचा काळ आला तोवर आयातीची आपली दारं बंद झाली होती. आल्या त्या वकिलातींच्या माणसांबरोबर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अमेरिकेतही हा थाट दहाएक वर्षांचाच. धुराचे नियम, विम्याचे हप्ते आणि १९७३चं तेलसंकट यांनी तो मोडला.

अशी गाडी वीस-तीस वर्षं शेडमध्ये उभी राहिली की तिला उठवायचं कसं? पहिला नियम: सेल्फ मारायचा नाही. नवी बॅटरी लावून किल्ली फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच रिंगा तुटतात, बोअरवर ओरखडे उठतात. आधी आठही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडायचं आणि गाडी दोन-चार दिवस तशीच ठेवायची. मग पुढच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून हाताने, अगदी बोटभर, इंजिन हलवून बघायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. हलायला लागलं की डिस्ट्रिब्युटर उपसायचा आणि त्याच्या भोकातून ड्रिल मशीनला जोडलेली सळई ऑइल पंपापर्यंत उतरवायची. इंजिन सुरू न करता पंप फिरतो, वरच्या रॉकरमधून तेल पाझरताना दिसतं. ते दिसलं की मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जे येतं, ते इंजिन सुरू झाल्यावरही येत नाही.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलचं तोवर लाखेसारखं चिकट रोगण झालेलं असतं, म्हणून टाकी उतरवावीच लागते. ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या, सील हे सगळं नवं. जिवाशी खेळ नको. चंडीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये मारुतीचा सुटा भाग चटकन मिळेल, पण हॉली कार्बोरेटरच्या गॅसकेटचा संच अमेरिकेतून मागवायचा आणि कस्टमची वाट बघायची. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला फुगवतं. म्हणून नळी बाहेरून जुन्यासारखी दिसणारी, पण आतून इथेनॉल सोसणारी निवडायची. एवढी लबाडी माझ्या मते क्षम्य.

रंगाला मात्र हात लावायचा नाही, आणि आपल्याकडे गाडी हुकते ती इथेच. गावच्या काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासून आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो, गाडीचंही तेच. लांबी भरली, घासली, लालभडक रंग मारला, की मालक खूश. कारखान्याचा मूळ रंग, मग तो कितीही विटलेला असो, पुन्हा आणता येत नाही.

हे कळलेलं एक घर अमेरिकेत होतं. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली रॉबर्ट कीर्नन यांनी ६,००० डॉलरला घेतली. त्यांच्या शिक्षिका पत्नी तीच घेऊन शाळेत जात. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. कीर्नननी दिली नाही. १९८०मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. वडील २०१४ साली गेल्यावर मुलगा शॉन याने ती चालती केली, पण पोचे, गंज, उडालेला रंग आणि चित्रीकरणाचा कॅमेरा अडकवायला खाली जोडलेले लोखंडी तुकडे जसेच्या तसे ठेवले. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडात ती कमिशनसह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. कुणी उत्साहाच्या भरात ते तुकडे कापून काढले असते तर?

आपल्या कायद्यालाही हे २०२१मध्ये पटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली: गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए; चंडीगडला सीएच व्हीए. शहरही या गाडीला साजेसंच, वास्तुकार ल कोर्बुझिएने व्ही-वन ते व्ही-सेव्हन असे क्रमांक देऊन आखलेल्या सरळ, रुंद रस्त्यांचं. मात्र रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

६.४ लीटरच्या इंजिनाची तहान बघता, शेवटची परवानगी एकटीच पुरेशी आहे.