मनाची सोबत करायला शिकताना

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्याकडे घरोघरी तीच चर्चा सुरू होते: कॉम्प्युटर की मेकॅनिकल, पुणे की मणिपाल, की इथेच दुबईत? अलीकडे या चर्चेत एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं आहे, "मला सायकॉलॉजी करायचंय." भारतात मी शाळेत शिकवत असे, म्हणून ओळखीतले आईवडील अशा वेळी माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न असतो, "यात नोकरी मिळते का हो?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "दिवसभर लोकांची दुःखं ऐकून पोरीचं काय होईल?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी तिसरा विचारायला हवा: नेमकं काय व्हायचंय? कारण 'सायकॉलॉजी' म्हणताना आपण चार-पाच वेगळे व्यवसाय एकाच पिशवीत भरतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा आधी डॉक्टर असतो. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतो, पण औषध लिहून देत नाही. समुपदेशक शाळा-कॉलेजात, कंपन्यांत, कुटुंबांबरोबर काम करतो. मनोसामाजिक कार्यकर्ता रुग्णाच्या घराशी, नोकरीशी, शेजाराशी दुवा जोडतो. शिवाय विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट हे शेजारचे रस्ते आहेतच.

हा फरक दहावीतच कळायला हवा. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर अकरावीला बायोलॉजी आणि पुढे नीट परीक्षा अटळ आहे. स्पीच थेरपी सोडली तर बाकीच्या बहुतेक वाटा कुठल्याही शाखेतून निघतात. सीबीएसईत अकरावी-बारावीला सायकॉलॉजी हा विषय घेता येतो. ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक. आवड खरी आहे की नुसतं आकर्षण, हे त्या दोन वर्षांत बऱ्यापैकी समजतं.

पुढची पदवी इथेही करता येते. दुबईतल्या मिडलसेक्स आणि हेरियट-वॉट या विद्यापीठांत मानसशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम आहेत. मात्र एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी: नुसत्या पदवीवर उपचार करता येत नाहीत. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. दुबईत रुग्णोपचारासाठी हेल्थ ऑथॉरिटीचा, तर समुपदेशन आणि समाजकार्यासाठी कम्युनिटी डेव्हलपमेंट ऑथॉरिटीचा परवाना लागतो; अबुधाबीचे नियम वेगळे. सगळी प्रमाणपत्रं मूळ विद्यापीठाकडून पडताळली जातात. म्हणून प्रवेश घेण्याआधीच 'या पदवीवर पुढे परवाना मिळतो का?' हे विचारावं.

आणखी एक बदल आपल्यातल्या गृहिणींनाही ठाऊक हवा. लग्नानंतर घरी बसून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एमए करायचा बेत अनेकजणी आखतात. पण भारतात २०२१च्या कायद्याने हा विषय आरोग्यसेवांच्या यादीत आला आणि यूजीसीने २०२५च्या सत्रापासून त्याचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. निर्णय गैरसोयीचा खरा, पण कुणासमोर बसून त्याचं दुःख ऐकायला शिकणं पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून कसं जमणार?

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येऊ. लोकांची दुःखं ऐकून पोरीचं काय होईल? इथेच शेजारधर्म आणि व्यवसाय यांतला फरक आहे. प्रशिक्षित समुपदेशकाची वेळ ठरलेली असते, मर्यादा ठरलेल्या असतात आणि त्याचं काम तपासणारा, त्याचंही ऐकणारा एक ज्येष्ठ असतो. झेपत नसेल तिथे रुग्ण दुसऱ्याकडे सोपवायचा, हे शिक्षणातच शिकवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. 'सोडवा' हा शब्द त्यात नाही. आपल्या सल्लाप्रिय समाजाने हे भिंतीवर लावून ठेवावं.

परदेशातल्या मराठी माणसाने या क्षेत्रात मोठं काम आधीच केलेलं आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे हा आजार त्यांच्या घरात होता. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली, रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र आणलं. 'देवराई' हा २००४चा चित्रपटही याच धडपडीतून आला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून आहे. सुट्टीत मुलं भारतात जातात तेव्हा मॉल तर इथेही आहेत. अशी एखादी संस्था दाखवून आणा. इथे स्वयंसेवा करायची तर सरकारमान्य मार्गानेच करावी.

आणि नोकरी? आपल्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते आपल्याच लक्षात येत नाही: भाषा. मुलाकडे तीन महिने राहायला आलेली आजी "आय अ‍ॅम अँक्शस" म्हणत नाही. ती म्हणते, "जीव घाबरा होतो गं," "कशात मन लागत नाही," "घर खायला उठतं." यातला आजार कुठला, एकटेपणा कुठला, हे ओळखायला मराठी कानच लागतो. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही मोफत सेवा मराठीतही मिळते, कारण दुःखाला स्वतःची भाषा लागते हे सरकारलाही पटलं. इथे २०२३च्या नव्या कायद्याने मानसिक रुग्णाचे हक्क आणि गोपनीयता यांना संरक्षण दिलं. म्हणजे दार उघडतं आहे. आत बसणारी, आपली भाषा जाणणारी माणसं हवीत.

तेव्हा यंदा फराळाला जमाल आणि कुणाची मुलगी किंवा मुलगा "सायकॉलॉजी" म्हणेल, तेव्हा लगेच "अरे, पण स्कोप काय?" असं विचारू नका. "यातलं काय करावंसं वाटतं तुला?" असं विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.