कावीळ शोधली, सापडली ‘कावीळ नाही’

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात प्रबंधाची मुदत जवळ आली, की एक दृश्य हमखास दिसते. निवासी डॉक्टर लॅपटॉपसमोर बसलेला असतो. एका फोल्डरमध्ये दोन वर्षांत टाइप झालेली डिस्चार्ज कार्डे असतात, समजा बाराशे. प्रश्न साधाच असतो : डेंग्यूने दाखल झालेल्यांपैकी किती जणांना कावीळ झाली होती? एकेक फाइल उघडून वाचायची तर आठवडा जाईल. मग तो टेक्स्ट एडिटर उघडतो, सगळ्या फायलींत एकदम शोधण्याची सोय निवडतो आणि ‘जॉन्डिस’ हा इंग्रजी शब्द टाइप करतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यादी समोर येते. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ. वर आकडा, समजा १८४.

हा आकडा तसाच प्रबंधात गेला, तर काय होईल? यादीतली पहिलीच ओळ वाचली तरी पुरे : पाच दिवस ताप, उलट्या, जॉन्डिस नाही. दुसरी ओळ : वडिलांना जॉन्डिसचा इतिहास. तिसरी : जॉन्डिस आहे का, तपासावे. चौथ्या ओळीत मात्र खरोखर कावीळ आहे. संगणकाने काहीच चूक केलेली नाही. त्याला अक्षरे शोधायला सांगितली होती, ती त्याने शोधली. आजार शोधण्याचे काम अजून व्हायचेच आहे.

मज्जापेशीपासून ‘ग्रेप’पर्यंत

टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसता मजकूर लिहिण्या-वाचण्याचे साधन. त्यात फॉन्टची सजावट नसते की तक्त्यांची नक्षी नसते. प्रोग्रॅमर मंडळी दिवसभर याच साधनात काम करतात. त्यातल्या शोधाचा इतिहास मात्र एका डॉक्टरपासून सुरू होतो, हे फारसे कोणाला माहीत नसते.

वॉरन मॅक्युलॉक हे अमेरिकेतील मेंदूचे अभ्यासक. शिक्षणाने डॉक्टर. १९४३ मध्ये त्यांनी वॉल्टर पिट्स या विशीतल्या तरुण गणितज्ञासोबत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मज्जापेशी एक तर उद्दीपित होते किंवा होत नाही. अधलेमधले काही नसते. असे गृहीत धरले, तर पेशींच्या जाळ्याचे काम तर्कशास्त्राच्या भाषेत मांडता येते, असे त्यांनी दाखवले. खऱ्या मेंदूचे काम याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे, पण कल्पना फार फलदायी ठरली.

स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने त्यावर पुढचा प्रश्न विचारला. अशा जाळ्याला संदेशांच्या कोणकोणत्या मालिका ओळखता येतील? १९५१ मध्ये त्यांनी उत्तर शोधले, ते १९५६ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. त्या मालिका लिहून दाखवण्यासाठी त्यांनी जी छोटी लिपी तयार केली, तिलाच आज रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. सोप्या भाषेत, अक्षरांचा साचा. ‘कोणतेही एक अक्षर’, ‘हे किंवा ते’, ‘हेच पुन्हा पुन्हा’ अशा सूचना त्या साच्यात देता येतात.

१९६८ मध्ये बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन यांनी हा साचा संगणकाच्या शोधासाठी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मजकूर एकेक अक्षर पुढे सरकतो, जुळू शकणाऱ्या सगळ्या शक्यता एकाच वेळी जिवंत ठेवल्या जातात आणि मागे फिरून पुन्हा वाचावे लागत नाही. पुढे त्यांनी युनिक्स प्रणालीसाठी ‘ईडी’ नावाचा एडिटर लिहिला. त्यात एक आज्ञा होती : पूर्ण फाइलमध्ये, या साच्याशी जुळणाऱ्या ओळी, छापून दाखव. या तीन भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडली की ‘ग्रेप’ हा शब्द तयार होतो.

त्याच प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातील ८५ लेखांच्या संग्रहाचा अभ्यास करायचा होता. यातला कोणता लेख कोणी लिहिला, हा वाद जुना होता. पण मजकूर इतका मोठा, की एडिटरमध्ये मावेना. तेव्हा थॉम्पसन यांनी शोधण्याचे काम एडिटरमधून बाहेर काढून त्याचा स्वतंत्र प्रोग्रॅम केला. १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेत ‘ग्रेप’ची नोंद आहे. नंतर चक्र उलटे फिरले. ईमॅक्स, विम आणि अलीकडचे व्हीएस कोड, नोटपॅड प्लस प्लस यांसारख्या एडिटरांनी अनेक फायलींतला हा शोध पुन्हा आपल्या पोटात घेतला आणि त्याला एक मोलाची जोड दिली : निकालांची यादी. तिच्यातल्या ओळीवर क्लिक केले की थेट त्या फाइलच्या त्या जागी पोहोचता येते. एक कळ दाबली की पुढचा निकाल. वरच्या-खालच्या ओळी समोरच असतात.

यादी म्हणजे निदान नव्हे

या यादीकडे कसे पाहायचे? चाळणी चाचणीकडे पाहावे तसे. मधुमेहासाठी वस्तीत शिबिर घेतले आणि बोटातले रक्त तपासले, तर ज्यांची साखर जास्त दिसली त्यांना लगेच गोळ्या सुरू करत नाहीत. पुढची तपासणी करतात. शोधाची यादी ही अशीच पहिली चाळणी असते. ओळ उघडून, संदर्भ वाचून मग ठरवायचे.

चाळणीची भोके मोठी ठेवावीत की बारीक, हाही प्रश्न तोच. साचा सैल ठेवला तर नको त्या ओळीही येतात. आवळला तर हव्या त्या सुटतात. यातली पहिली चूक वेळ खाते. दुसरी अधिक धोक्याची. यादीत आलेली चुकीची ओळ वाचणाऱ्याला दिसते, तो ती वगळू शकतो. यादीत न आलेला रुग्ण कोणाला दिसणार? ज्या कार्डात ‘जॉन्डिस’ऐवजी ‘इक्टेरस’ लिहिले आहे, ज्यात फक्त ‘डोळे पिवळे’ एवढीच नोंद आहे किंवा ज्यात टाइप करताना एक अक्षर गळले आहे, ती कार्डे गप्प राहतात. म्हणून पहिला शोध सैल हवा आणि एकाच गोष्टीची सगळी नावे घेऊन हवा.

‘नाही’ची अडचण तर वैद्यकीय नोंदींत पावलोपावली येते. डॉक्टर काय आहे तेवढेच लिहीत नाहीत. काय नाही तेही आवर्जून लिहितात. छातीत दुखणे नाही, दम नाही, झटका आलेला नाही. २००१ मध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी अशा नकारार्थी नोंदी ओळखण्याची ‘नेगेक्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली. लक्षणाच्या आसपास नकाराचे शब्द आहेत का, हे ती पाहते. तिचा पायाही क्लीनी यांचे ते साचेच.

मराठीत आणखी पदर आहेत. ‘संधिवात’ आणि ‘संधीवात’, ‘कावीळ’ आणि ‘काविळ’ हे माणसाला एकच, संगणकाला वेगवेगळे. एकाच आजाराला कोणी मधुमेह म्हणते, कोणी डायबेटीस, कोणी ‘शुगर आहे’ म्हणते. ‘येणाऱ्या’ या शब्दातला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक टाइप केला तर दुसरा सापडेलच याची खात्री नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींत तर अक्षरे दिसतात मराठी आणि आत साठलेली असतात रोमन चिन्हे. तिथे मराठी शब्द टाकून काहीच हाती लागत नाही. स्कॅन केलेला कागद म्हणजे निव्वळ छायाचित्र. त्यातली अक्षरे वेगळ्या प्रक्रियेने ओळखून घेतल्याशिवाय शोधता येत नाहीत.

डोळा थकतो, मन समाधान मानते

समजा, साचा उत्तम बांधला. तरी १८४ ओळी शेवटी माणसालाच वाचायच्या असतात आणि माणसाच्या नजरेच्या मर्यादा चांगल्या अभ्यासलेल्या आहेत. एक्स-रे वाचणाऱ्यांना एक सापळा ठाऊक असतो : एक दोष सापडला की मन समाधान मानते आणि दुसरा नजरेतून सुटतो. शोधाच्या यादीतही हेच होते. हवी तशी ओळ मिळाली की पुढच्या ओळींवरून नजर नुसती घसरते.

दुसरा सापळा दुर्मीळतेचा. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामानाच्या क्ष-किरण तपासणीसारख्या चित्रांत लोकांना अवजारे शोधायला दिली. निम्म्या चित्रांत अवजार होते, तेव्हा सुमारे ७ टक्के नजरेतून सुटली. फक्त १ टक्का चित्रांत ठेवली, तेव्हा सुटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. नजर तीच, अपेक्षा बदलली. २०१३ मधल्या दुसऱ्या प्रयोगात फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे छोटे चित्र घातले होते. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना तो दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर तो होता त्याच जागेवरून गेली होती.

म्हणून लांब यादी एका बैठकीत संपवू नये. टप्पे पाडावेत, मध्ये डोळ्यांना विश्रांती द्यावी आणि काही भाग दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर कोणत्या ओळीवर मतभेद आहे ते पाहावे. यादीबाहेरची वीस-पंचवीस कार्डे सहज उचलून पूर्ण वाचण्याची सवयही चांगली. गप्प राहिलेले रुग्ण तिथेच सापडतात.

शोध जिथे थांबतो

शोधातली त्रुटी प्रबंधापुरती राहत नाही, याचे एक दुःखद उदाहरण नोंदलेले आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत दम्याविषयीच्या अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिले गेले. १९५० च्या दशकात ते रक्तदाबासाठी वापरले जाई. २४ वर्षांच्या एका निरोगी तरुणीची फुप्फुसे निकामी झाली आणि महिनाभरात तिचा मृत्यू झाला.

या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याचे अहवाल १९५० च्या दशकातील वैद्यकीय नियतकालिकांत होते. प्रयोगापूर्वी साहित्याचा शोध घेतला गेला होता. पण ‘पबमेड’ या ज्या सूचीत तो मुख्यतः घेतला, ती त्या काळी १९६६ पर्यंतच मागे जात होती. शोध जिथे थांबला, त्याच्या पलीकडे इशारा होता. चौकशीत साहित्याचा हा शोध अपुरा ठरला. आता पबमेडमध्ये १९४० च्या दशकापर्यंतच्या जुन्या नोंदीही आहेत. पण धडा कायम आहे. ‘काही सापडले नाही’ हे वाचताना पुढचा प्रश्न विचारायचा : कुठे शोधले, कधीपर्यंतचे शोधले आणि कोणत्या शब्दांनी शोधले?

घरातल्या फाइलसाठी

हे सारे डॉक्टरांपुरते नाही. आज घरोघरी मोबाइलमध्ये आई-वडिलांचे रिपोर्ट साठलेले असतात, ‘स्कॅन ००१’, ‘डॉक्युमेंट ७’ अशा नावांनी. रात्री अपघात विभागात डॉक्टर विचारतात, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे? आणि नातेवाईक फोटो चाळत बसतात.

उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, रुग्णाचे नाव आणि तपासणीचे नाव लिहावे. वर्ष आधी आणि महिना-दिवस दोन अंकी लिहिले की फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. जोडीला साध्या मजकुराची एकच फाइल ठेवावी : आजार, चालू औषधे आणि त्यांची मात्रा, झालेल्या शस्त्रक्रिया आणि सर्वांत वर अ‍ॅलर्जी. आजाराचे नाव मराठीत आणि डॉक्टर लिहितात त्या इंग्रजी शब्दात, दोन्ही लिहावे. म्हणजे कोणताही शब्द टाकला तरी ओळ सापडेल. औषध बदलले की त्याच दिवशी फाइलही बदलावी, नाहीतर जुनी गोळी नव्या नावाने पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. या फाइलची प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलमध्येही असावी.

आणि वसतिगृहातला तो निवासी डॉक्टर? त्याने १८४ ओळी एकेक करून उघडल्या, ‘नाही’वाल्या वगळल्या, मग ‘इक्टेरस’ आणि ‘पिवळे डोळे’ टाकून पुन्हा शोधले, तर त्याचा आकडा बहुधा बराच लहान होईल. त्यातले काही रुग्ण पहिल्या यादीत नसतीलही. पण तो आकडा कोणी विचारला, तर प्रत्येक रुग्णाची ओळ त्याला उघडून दाखवता येईल.