दुधारी औषध

संधिवात हा एक क्रूर रोग आहे. तो माणसाला एकदम मारीत नाही. परंतु हातापायांचे सांधे सुजवून व आखडून टाकून त्याला अंथरुणाला खिळवून ठेवतो. घास तोंडाशी नेणे, कूस बदलणे, सदऱ्याची गुंडी लावणे, अशा साध्या हालचालीही रोग्याला असह्य होतात. शंभर वर्षांपूर्वी या रोगापुढे डॉक्टरांचे फारसे काही चालत नसे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या गावी मेयो क्लिनिक नावाची प्रसिद्ध रुग्णसेवा-संस्था आहे. तेथे डॉ. फिलिप हेंच संधिवाताचे रुग्ण तपाशीत असत. १९२९ साली एका रुग्णाने त्यांना एक नवल सांगितले. त्याला कावीळ झाली आणि त्याबरोबर त्याचे सांधे दुखायचे थांबले! दुसऱ्या एखाद्याने हे ऐकून सोडून दिले असते. हेंच यांनी मात्र ते ध्यानात ठेवले. पुढे गर्भवती स्त्रियांचा संधिवातही काही काळ ओसरतो, असे त्यांना आढळून आले. यावरून त्यांनी अनुमान केले, की या रोगाला आवर घालणारे काही द्रव्य शरीरातच तयार होत असले पाहिजे.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ अधिवृक्क ग्रंथींचा अभ्यास करीत होते. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. तीच ही ग्रंथी. तिचे स्राव रक्तात मिसळतात आणि शरीराचे अनेक व्यवहार सांभाळतात. गुरांच्या अशा ग्रंथींतून केंडॉल यांनी काही द्रव्ये वेगळी काढली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन हेही याच खटपटीत होते. त्या द्रव्यांपैकी एकाला पुढे ‘कॉर्टिझोन’ हे नाव मिळाले. ते ज्या रासायनिक कुळातील आहे, त्याला ‘स्टेरॉइड’ म्हणतात. बळ वाढविण्यासाठी काही खेळाडू चोरून घेतात ती द्रव्ये याच कुळातील, पण निराळ्या शाखेची होत.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमध्ये एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तिला अंथरुणात कूस बदलणेही कठीण झाले होते. दोनच दिवसांत तिचे सांधे मोकळे होऊ लागले, आणि आठवड्याभरात ती आपल्या पायांनी चालत बाजारात गेली! ही वार्ता जगभर पसरली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या आनंदाला लवकरच काळजीचे गालबोट लागले. औषध थांबविताच रोग परत येई. औषध दीर्घकाळ चालू ठेवावे, तर रोग्याचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा होई, हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे, आणि साधासा संसर्गही बळावे. एकाच औषधाची अशी दोन रूपे का असावीत?

याचे उत्तर त्या औषधाच्या कार्यातच आहे. बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते व ठणकते. ही शरीराच्या रक्षकसेनेची धावपळ होय. संधिवातात ही सेना आपल्याच सांध्यांवर तुटून पडते, तर दम्यात श्वासनलिका सुजविते. स्टेरॉइड या सेनेला शांत करते. म्हणून रोग्याला आराम पडतो. पण पहारेकरी झोपला, तर घरातला गोंगाट थांबतो आणि चोरालाही वाट मोकळी होते. गुण व दोष एकाच मुळातून उगवतात, ते असे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले, की अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून आळसावते. बरेच दिवस घेतलेले औषध एकाएकी बंद केले, तर शरीराला ना बाहेरून पुरवठा, ना आतून! त्यामुळे जिवावरही बेतू शकते. म्हणूनच डॉक्टर त्याची मात्रा हळूहळू उतरवीत नेतात.

जाणत्या हातांनी हे दोष पुष्कळ कमी करता येतात. १९७२ सालापासून दम्याच्या रोग्यांना फवाऱ्याने ओढून घेण्याचे स्टेरॉइड मिळू लागले. ते थेट श्वासनलिकेत पोचते. त्यामुळे अगदी थोडे औषध पुरते आणि उरलेल्या शरीराला त्याची झळ कमी लागते.

योग्य वेळ व योग्य मात्रा यांचे मोल कोविडच्या साथीत साऱ्या जगाला कळून आले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडच्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर केला. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू द्यावा लागत होता, त्यांनाही लाभ झाला. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना काहीही लाभ झाला नाही.

हा भेद सर्वांनी पाळला नाही. २०२१ साली भारतात दुसरी लाट आली, तेव्हा अनेकांना हे औषध गरज नसताना किंवा वाजवीपेक्षा अधिक दिले गेले. त्यातच मधुमेहाची भर पडली. रक्तातील साखर चढली, रक्षकसेना निजली, आणि एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या बुरशीने डाव साधला. ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला गेलेला हा रोग महाराष्ट्रातही हजारोंना झाला. कित्येकांना डोळा, तर कित्येकांना प्राण गमवावे लागले.

येथे एक विलक्षण योगायोग सांगावासा वाटतो. १९५२ साली कॉर्टिझोन स्वस्त करण्याचा मार्ग अमेरिकेतील शास्त्रज्ञांना सापडला, तो ‘रायझोपस’ जातीच्या बुरशीच्या साहाय्याने. काळ्या बुरशीचा रोग पुष्कळदा ज्या बुरशीमुळे होतो, तीही याच जातीची! जिने औषध गरिबाच्या हाती आणून दिले, तिचेच भावंड औषधाच्या अविचारी वापराने वैरी बनले.

तात्पर्य, स्टेरॉइडला भिऊन ते टाकणे जितके घातक, तितकेच ते आपल्या मनाने घेणे घातक. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी आपण घेऊ नये. गोरेपणासाठी कोणी सुचविलेले मलम, त्यात काय आहे हे न कळता, तोंडाला चोळू नये. आणि बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडूही नये. दुधारी शस्त्र रक्षण करते खरे. परंतु ते कसे धरावे, हे जाणणाऱ्याच्या हाती असेल तरच.