सायन्सवाल्यांची ड्रीम ट्रिप: रिक्षा, लोकल आणि एसटी

मी बोलतेय राजोडीहून, मागे येतोय तो आवाज समुद्राचाच.

"सायन्स आवडणाऱ्याने आयुष्यात एकदा कुठे जावं?" असं विचारलं की उत्तरात आइसलँड येतं. जा की! पण व्हिसा मिळेपर्यंत या तीन जागा बघून घ्या.

पहिली, आमचा राजोडीचा किनारा. नालासोपारा किंवा विरारहून रिक्षाने या. इथे बघायची भरती-ओहोटी. चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. यावरूनच कोकणातला जुना हिशोब आलाय: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. हिशोब अंदाजाचा आहे हं! पाण्यात उतरायच्या आधी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघाच. सेल्फीच्या नादात पाणी कधी मागून येतं, कळत नाही.

दुसरी, अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. विरार लोकलने थेट. बिल्डिंगांच्या गर्दीत सुमारे ६० मीटर उंच काळा कडा, वर गावदेवीचं मंदिर. नीट बघा, अख्खा कडा उभ्या खांबांचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हळूहळू थंड झाला, आकसला आणि त्याला भेगा पडल्या. तळं आटल्यावर चिखल तडकतो ना, तसंच. फक्त इथे भेगा खोलवर गेल्या आणि खांब सुटे झाले. असेच खांब बघायला लोक उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला जातात. आपल्याकडे मात्र आजूबाजूचा दगड खाणीत फोडला गेला. उरलंय ते एवढंच.

तिसरी, नारायणगावजवळचं खोडद. एसटीने नारायणगाव गाठा. इथे आहे जीएमआरटी, म्हणजे ३० रेडिओ दुर्बिणी, प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. ही गोविंद स्वरूप यांची कल्पना. सगळ्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीसारखं काम करतात. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण असतात की त्यांच्यापुढे आपला मोबाईल म्हणजे लग्नातला डीजे. म्हणून तिथे फोन बंद. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जायचा प्लॅन करा, तेव्हा तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं.

तिन्ही ठिकाणी फोनचा नियम वेगळा, लक्षात आलं? राजोडीत आधी फोन बघायचा, मग पाणी. गिल्बर्ट हिलवर हवे तेवढे फोटो काढा, दगड मात्र खिशात घालू नका. आणि खोडदला स्विच ऑफ, कारण तुम्ही गप्प बसलात तरच आकाश ऐकू येतं.

आज तिथी कोणती? बघा, पाऊणपट करा आणि भरती किती वाजता येते ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!