मुलांचा दमा: रिपोर्ट काय सांगतो, काय नाही

दम्याच्या मुलांसाठी रक्तातले इओसिनोफिल, आयजीई आणि श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी 'फेनो' या तपासण्या सांगितल्या जातात. श्वासनलिकांत ॲलर्जीची सूज किती असेल, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. निदान मात्र एकट्या आकड्यावर होत नाही.

गैरसमज: इओसिनोफिल वाढले, म्हणजे दमाच.
वस्तुस्थिती: जंत, ॲलर्जीची सर्दी, इसब यांतही ते वाढतात. आयजीईचेही तसेच. रात्री-पहाटे वाढणारा खोकला, छातीतली घरघर, खेळताना लागणारी धाप आणि फुंकता येण्याच्या वयात, साधारण पाच-सहा वर्षांनंतर, स्पायरोमेट्री यांवर निदान ठरते.

गैरसमज: फेनो कमी आला, म्हणजे दमा नाही.
वस्तुस्थिती: 12 वर्षांखालील मुलांत 20 पीपीबीपेक्षा कमी आकडा कमी आणि 35 पेक्षा जास्त आकडा जास्त मानतात. पण स्टेरॉइडचा पंप सुरू असला की हा आकडा उतरतो. तेव्हा कमी फेनो म्हणजे औषध लागू पडत असल्याची खूण असू शकते. शिवाय प्रत्येक दम्यात या प्रकारची सूज नसते.

गैरसमज: खोकला थांबला, आता पंप बंद.
वस्तुस्थिती: लक्षणे लवकर ओसरतात, सूज मागे रेंगाळते. अशा वेळी साधी सर्दी किंवा फटाक्यांचा धूरही झटका आणू शकतो. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला, की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

गैरसमज: पंपाची सवय लागते, उंची खुंटते.
वस्तुस्थिती: सवय लागत नाही. अमेरिका-कॅनडातल्या 'कॅम्प' अभ्यासात 5 ते 12 वर्षांच्या मुलांना काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड हे पंपातले स्टेरॉइड दिले. मोठेपणी त्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम खरा आहे, पण छोटा. दम्याच्या झटक्यांसाठी वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या शरीराला याहून महाग पडतात.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलीबरोबर एक वहीही न्या: मूल रात्री किती वेळा खोकत उठले, तात्पुरत्या आरामाचा पंप किती वेळा लागला, शाळा किती दिवस बुडाली. आणि श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील किंवा धापेमुळे वाक्य पुरे होत नसेल, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.